कोणाचा बैल, कोणाच्या जुवाला

"ऐकलं का जी? जडेजाले देऊन टाकलं!"

१५ नोव्हेंबर २०२५. हेमलकशाच्या फाट्यावरची चहाची टपरी. दिवसभर बिरसा मुंडांच्या दीडशेव्या जयंतीची धामधूम होती, घोषणा देऊन देऊन घसे बसलेले. अशात कोणाच्या तरी मोबाइलमध्ये टॉवर आला आणि सकाळची बातमी संध्याकाळी फाट्यावर उतरली. टपरीवाल्या काकाजींनी गाळणी खाली ठेवली.

"कोणाले देलं?"

"राजस्थानले."

"आनं बदल्यात?"

"संजू सॅमसन."

काकाजी स्टुलावर बसले. चहा उतू गेला, तो कोणी पाहिला नाही. ज्या सुरात आमच्याकडं कोणाची पोरगी कोणाबरोबर पळाली किंवा कोणाच्या बांधीत रानडुकरं शिरली हे सांगतात, त्याच सुरात पुढचा तासभर चेन्नई आणि राजस्थान यांची धुणी धुतली गेली. दोन्ही गावं इथल्या कोणी पाहिलेली नाहीत. त्यानं काही बिघडलं नाही.

व्यवहार असा की आयपीएलमध्ये चेन्नईनं रवींद्र जडेजा आणि सॅम करन असे दोन दिले आणि एक सॅमसन घेतला. सॅमसन अठरा कोटींचा. जडेजाही चेन्नईत अठराचाच होता, पण राजस्थानच्या वहीत तो चौदाला लिहिला गेला. "अठराचा चौदावर!" काकाजींना सगळ्यात जास्त हेच लागलं. २९ मे २०२३ ची अंतिम लढत, पावसानं मध्यरात्र उलटून गेलेली, शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या होत्या. जडेजानं षटकार मारला, चौकार मारला, आणि धोनीनं त्याला उचलून घेतलं. "कडेवर घेतलेलं लेकरू असं कोणी देते काय जी?" लेकरू छत्तीस वर्षांचं होतं, पण ते बोलायची कोणाची छाती नव्हती.

या प्रकरणात खरी लाज वाटायची गोष्ट मला वेगळीच दिसते. २०१० मध्ये याच जडेजाला आयपीएलनं वर्षभर घरी बसवलं होतं. गुन्हा कोणता? राजस्थानशी बांधलेला असताना त्यानं दुसऱ्या संघांशी परस्पर बोलणी केली. म्हणजे बैलानं स्वतः बाजारात जाऊन आपला भाव विचारला तर तो बदफैली, आणि मालकांनी दावं या हातातून त्या हातात दिलं तर त्याला 'ट्रेड' म्हणायचं, वर फोटो काढायचा. आता नियम सांगतो की अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. लागते ना. कांदेपोह्यांच्या वेळी मुलीचीही विचारतात.

आमच्या मास्तरांचं दुःख मात्र जुनं आहे. ते मुंबईवाले. त्यांच्यापुढं हार्दिक पांड्याचं नाव आजही जपून काढावं लागतं. २६ नोव्हेंबर २०२३ ला गुजरातनं आपल्या राखलेल्या खेळाडूंची यादी जाहीर केली, तीत कप्तान हार्दिक होता. लोक जेवले, झोपायला गेले, आणि यादीवरची शाई वाळायच्या आत तो मुंबईचा झाला. त्याला पंधरा कोटी हवे होते, म्हणून मुंबईनं साडेसतरा कोटींचा कॅमरन ग्रीन बंगळुरूला देऊन टाकला. घरात नवा सोफा यायचा म्हणून आजीचा पलंग विकावा तसं. बरं, इथवरही मास्तर गप्प होते. पण १५ डिसेंबरला पाच चषक जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या हातून कप्तानी काढून ती हार्दिकच्या हाती दिली, आणि मास्तरांनी त्या रात्री भात खाल्ला नाही असं त्यांच्या घरून कळलं. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीला हार्दिक आला तर त्याच्याच घरच्या लोकांनी हुर्यो केली. संजय मांजरेकरांना माइकवरून सांगावं लागलं की जरा नीट वागा. मुंबईच्या प्रेक्षकाला मुंबईच्या खेळाडूनं मुंबईच्या कप्तानासाठी शिस्त शिकवायची, हे पाहायला बाळासाहेब नव्हते ते बरं, असं मास्तर म्हणाले. कोणते बाळासाहेब ते त्यांनी सांगितलं नाही. त्या मोसमात मुंबई दहा संघांत दहावी आली.

आणि गंमत पाहा. २९ जून २०२४ ला याच हार्दिकनं विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकलं, ४ जुलैला भारताचा संघ वानखेडेवर आला, तर तेच मैदान 'हार्दिक, हार्दिक' करून घुमायला लागलं. तीन महिन्यांत! एवढ्या अवधीत आमच्याकडं भाऊबंदकीतला बांधसुद्धा मोजून होत नाही.

"अजी, तुमचं काय घेऊन बसलात मास्तर," काकाजी म्हणाले, "तुमच्यावाल्यानं सचिनचा पोरगा तीस लाखात लखनौले देला आजच." हे खरं होतं. त्याच दिवशीच्या यादीत अर्जुन तेंडुलकर होता. २००८ मध्ये पहिला लिलाव झाला तेव्हा बाप 'आयकॉन' होता, म्हणजे हातोड्याखाली न जाणाऱ्या पाचांपैकी एक. बापाचा लिलाव करणं पाप, आणि पोराची अदलाबदल हा व्यवहार. यावर मास्तरांनी एकच बाण काढला: "आनं तुमचा नवखा पोरगा कसा हाये?" सगळी टपरी हसली, कारण तो नवखा म्हणजे महेंद्रसिंह धोनी. २०२४ मध्ये आयपीएलनं एक जुना नियम पेटीतून काढून झटकला. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेला भारतीय खेळाडू 'अनकॅप्ड' धरायचा. दोन विश्वचषक उचलणारा त्रेचाळीस वर्षांचा माणूस कागदोपत्री कोरा झाला आणि चार कोटींत चेन्नईला राखता आला. आमच्याकडं तलाठ्याकडून वय कमी करून घेणारे पाहिलेत. आख्खी कारकीर्द कमी करून घेणारा पहिलाच.

ट्रॅक्टरवाला पोरगा बंगळुरूचा. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्यांदा चषक आल्यापासून तो न्यायनिष्ठ झाला आहे. त्याआधी सतरा वर्षं त्याला सगळी व्यवस्था सडलेली वाटत होती. तो म्हणाला, "सगळा दोष मालकायचा." हा विषय निघाला की पुण्याचं नाव निघणारच. पुण्यानं काय कमी मालक भोगले? सहारानं २०१० मध्ये सदतीस कोटी डॉलर मोजून संघ घेतला आणि तीन मोसमांत गुंडाळला. मग चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली. (चेन्नईच्या संघाचे मालक आणि क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष हे एकच गृहस्थ होते, यात कोणाला काही खटकायला २०१३ ची सट्टेबाजीची भानगड आणि नंतर न्यायमूर्ती लोढा यावे लागले. सरपंचानं स्वतःच्याच शेतात विहीर मंजूर केली तर आम्ही ग्रामसभेत टेबल उलटतो.) त्या रिकाम्या जागेत संजीव गोयंकांचा पुणे संघ आला. पहिल्या वर्षी हरला, म्हणून दुसऱ्या वर्षी धोनीची कप्तानी काढली आणि संघाच्या नावातला शेवटचा 'स' काढला. सुपरजायंट्सचे सुपरजायंट झाले. आणि वास्तुदोष गेल्यासारखे ते थेट अंतिम सामन्यात पोचले! २१ मे २०१७, मुंबईविरुद्ध, एका धावेनं हरले. तो एक 'स' ठेवला असता तर, असं आमचे मास्तरही म्हणतात, आणि ते तर जिंकलेल्या बाजूचे. पुढं २०२१ मध्ये गोयंकांनी ७,०९० कोटींना लखनौ घेतलं, तिथं 'स' परत लावला, आणि ऋषभ पंतवर सत्तावीस कोटी लावले. बोली पावणे एकवीसवर थांबली होती. दिल्लीनं 'राइट टू मॅच' म्हटलं, तेव्हा यांनी एका दमात सत्तावीस सांगितले.

"सत्तावीस कोटी," कोपऱ्यात शेकोटीपाशी बसलेला आजा पहिल्यांदाच बोलला. "त्याचे दात पायले होते काय?"

आज्याची हयात पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गेली. शंकरपटाचा बैल घ्यायचा तर दात पाहायचे, खूर पाहायचे, शेपटी वळवून पाहायची, मालक खोटं बोलतो का ते त्याच्या डोळ्यांत पाहायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये शर्यतींना पक्की मोकळीक दिल्यापासून पटाच्या जोडीचे भाव असे चढलेत की आजा नुसतं ऐकून उसासे टाकतो. दिवसा पट, रात्री नाटक, ही आमच्या झाडीपट्टीची रीत. आणि नाटकाचीही तीच कथा. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांत गेल्या हंगामातला खलनायक यंदा कोणाच्या मंडळात, लावणीवाली कोणी पळवली, कॉमेडियननं आगाऊ रक्कम कोणाची घेतली आणि उभा कोणाच्या रंगमंचावर राहिला, याची चर्चा दिवाळीपासून होळीपर्यंत पुरते. परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्याच कंपन्या म्हणाल्या, आमचेच ते.

तर लिलाव, बोली, पळवापळवी यानं धक्का बसावा असे आम्ही कोवळे नाही. उलट लिलावातलं आम्हाला जरा जास्तच कळतं. तेंदूपत्ता आहे ना! सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, आणि कंत्राटदार बोली लावतो ती गोणीवर. एके काळी हे सगळं वरच्या वर होत असे, आम्ही फक्त पानं तोडायची. आता पेसा कायद्याखाली इथल्या कितीतरी ग्रामसभा स्वतः जाहिरात काढतात, स्वतः बोली उघडतात. कंत्राटदार आपसात गट्टी करून भाव पाडतात तेही ठाऊक आहे, आणि कधी एखाद्या युनिटला बोलीच लागत नाही, त्याची मरगळही ठाऊक आहे. लिलावात न विकला गेलेला खेळाडू टीव्हीवर पाहिला की टपरीत कोणी हसत नाही, ते यामुळं.

ट्रॅक्टरवाल्यानं तेवढ्यात मोबाइलमधून नवीनच काढलं. जर्मनीत म्हणे फुटबॉलच्या क्लबात अर्ध्याहून एक मत जास्त सभासदांच्या हाती असावं लागतं. पैसेवाला कितीही मोठा असो, निकाल सभासदांचा. अमेरिकेत ग्रीन बे नावाच्या लहानशा गावचा संघ आहे, त्याचे पाच लाखांवर भागधारक, आणि नफा म्हणून कोणाला एक पैसा नाही.

"म्हंजे ग्रामसभाच की!" काकाजी ओरडले.

मेंढा-लेखा या आमच्याच जिल्ह्यातल्या गावानं २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर जंगलाचा हक्क मिळवला, तेव्हा 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा जिल्ह्यात घरोघर झाली होती. त्याच धर्तीवर चेन्नईत आमची ग्रामसभा का नको, असा ठराव टपरीत मांडण्यात आला. जडेजाला द्यायचं तर गणपूर्ती हवी, बायकांची हजेरी हवी, वहीवर अंगठे हवेत. इतकी वर्षं पिवळा बनियन घालून 'आमची टीम, आमची टीम' करणाऱ्या काकाजींना हिशेब लागला की त्या टीममध्ये आपल्या वाट्याचं तेंदूचं एक पानही नाही. ते पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "पन आपल्याले इचारलं तरी पायजे होतं." माझ्या मते सगळ्या वादाचं सार एवढंच आहे, आणि मला तो हट्ट अजिबात वेडा वाटत नाही. लोकबिरादरीच्या प्राणी अनाथालयात बिबटे आहेत, अस्वलं आहेत, पोरकी होऊन आलेली. पन्नास वर्षांत ते चालवणाऱ्या आमट्यांना कोणी त्यांचे मालक म्हटलं नाही. ज्याला खाऊ घातलं त्याच्यावर हक्क वाटतो, कागद कोणाच्या नावाचा का असेना.

रात्र वाढली तशी गोष्ट क्रिकेटवरून कबड्डीवर आली, आणि कबड्डी म्हणजे घरचाच मामला. पुणेरी पलटणनं इराणचा मोहम्मदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला, १ मार्च २०२४ ला हरियाणाला हरवून चषक जिंकला. पुढच्या मोसमात तोच शादलुई हरियाणाकडून खेळला आणि हरियाणानं चषक जिंकला, तोही पुण्यात, बालेवाडीत, पुणेकरांच्या नाकावर टिच्चून! "याले निष्ठा म्हणतेत काय?" मास्तर कडाडले. जानेवारीतल्या आमच्या गावच्या स्पर्धेची पत्रिका तेच लिहितात. त्यात दरवर्षी ठळक अक्षरांत असतं: सर्व खेळाडू एकाच गावचे असावेत, आधार कार्ड सोबत आणावे, पंचांचा निर्णय अंतिम राहील.

"मास्तर," ट्रॅक्टरवाला हळूच म्हणाला, "मागच्या साली आपल्या टीममधी डाव्या कोपऱ्यात होता, तो पोरगा कुठचा जी?"

"तो? तो भाचा होता."

"कोणाचा?"

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "गावाचा."

नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. आवाज मोठा होता, टपरीला सगळं ऐकू आलं. भाचाच होता, नदीपलीकडून. दुसऱ्या एका गावानं त्याला येण्याजाण्याचं पेट्रोल आणि एक गावठी कोंबडा कबूल केला होता, तेव्हा मामाचं काय म्हणणं? मास्तर उठून अंधारात चार पावलं गेले, परत आले, फोनवर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, "काकाजी, तुमचा तो लाल कोंबडा..."

काकाजींनी गाळणी उचलली.

"तो रिटेन केला हाये."