सव्वा तासाचं नागपूर

‘विमानाने येतोय,’ हे नागपूरच्या मावशीला फोनवर सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. तिला उत्तम ऐकू येतं; शेजारच्या टेबलांना ऐकू जावं म्हणून चढतो. मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर, हवेत जेमतेम सव्वा तास. वेळापत्रकात मात्र दीड तास असतो, कारण विमान जागेवरून हललं की त्यांचं घड्याळ सुरू होतं आणि तिकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, म्हणून रांगेतला वेळही आधीच धरलेला. एवढं करून 15 मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर मानतच नाहीत. आमच्या हापिसातल्या मस्टरला हा नियम कोणी लावील तर त्याचे पाय धरीन.

खरी मजा स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा, अंतर 2.7 किलोमीटर. डोंबिवलीहून निघालात तर ठाकुर्ली मागे पडेल, पण कल्याण काही यायचं नाही. वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा पाठीशी असला तर त्याहून कमी, विक्रम 53 सेकंदांचा. विमान एवढंसं, नशीब असेल तर वैमानिकाच्या शेजारची जागा मिळते. मास्तर, डॉक्टर असे कामाचे लोक त्यातून जातात. आणि हौशी प्रवाशांना चक्क प्रमाणपत्र! ते मला हवंय. फ्रेम करून दिवाणखान्यात लावीन. 53 सेकंदांत सेल्फी कसा काढायचा, याचा विचारही करून ठेवलाय.

तर नागपूर. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रो, मग रिक्षा. देशांतर्गत प्रवासालाही दोन तास आधी या म्हणतात. मग सोनेगावच्या विमानतळावर उतरून महाल भागात मावशीच्या दारात पोचलो, की ती पहिलं विचारते, ‘घरून कधी निघाला होता?’ विमानाच्या वेळेशी तिला देणंघेणं नाही. पोराच्या पोटात शेवटचं अन्न कधी पडलं, ते तिला हवं असतं. त्या हिशेबाने सांबारवडीचं तेल तापतं.

मावशीकडचे काका आजारी पडले तेव्हा फोन दुपारी आला. मावसभाऊ संध्याकाळी कल्याणला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढला. मी सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं, भाडं बघून डोळे मिटून. विमानाला उशीर झाला. मी पोचलो तेव्हा भाऊ काकांना चहा पाजून, दाढी करून देऊन खुर्चीत पेंगत होता. काका हसून म्हणाले, ‘विमानवाले आले!’ ते ऐकायला मिळालं, एवढंच. आठवडाभरात ते गेले.

तेव्हापासून सव्वा तास हा शब्द कोणी काढला की मला उगाचच राग येतो, माझाच आवाज असला तरी. नागपूरला जाणार असाल तर विदर्भचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. डोंबिवलीकरांनो, ती कल्याणला थांबते.