पंचनामाकाका

जूनमध्ये पुण्यात पहिला पाऊस पडला की पाठोपाठ दुचाक्या पडायला लागतात. महिनोन्‌महिने साचलेली धूळ, गाड्यांचं ठिबकलेलं ऑइल आणि टायरचं झिजलेलं रबर यांवर चार थेंब पडले की डांबर बुळबुळीत होतं. धो धो कोसळला तर हा राडा वाहून तरी जातो. पण पहिली सर बहुधा भुरभुरीच. शिवाय झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि पेव्हर ब्लॉक मदतीला आहेतच. वळणावर चाक एकदा नको तिकडे निघालं की सगळं दोन सेकंदांत आटोपतं. माणूस इथे, गाडी तिथे, एक चप्पल भलतीकडेच. आणि तिसऱ्या सेकंदाला पंचनामाकाका हजर.

ते कुठून येतात हे आजवर कुणाला कळलेलं नाही. साठी उलटलेली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काखेत मिटलेली छत्री (पाऊस चालू असतानाही मिटलेली) आणि हातात भाजीची पिशवी. ती पिशवी ते आधी कडेच्या कट्ट्यावर नीट टेकवून ठेवतात. काम वेळ खाणार, हे त्यांना ठाऊक असतं.

बाकीच्या लोकांचं थोडक्यात असतं. रिक्षावाला वेग कमी न करता ‘घरी सांगून आलायस का?’ विचारून जातो. स्कार्फवाल्या ताई ‘लागलं नाही ना?’ म्हणतात आणि उत्तर यायच्या आत सिग्नल गाठतात. कॉलेजची पोरं मोबाईल काढतात. भाजीवाली मात्र मुकाट्याने रिकामा क्रेट उलटा करून पुढे सरकवते आणि पाण्याची बाटली देते. तिच्यावर लिहिण्यासारखं काही नाही; शहाण्या माणसांची हीच तर अडचण असते.

पडलेल्याला दुखण्यापेक्षा कोणी कोणी पाहिलं याची काळजी जास्त. तो ‘काही नाही, काही नाही’ करत उठू लागतो. काका त्याला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवतात.

“गप बसा. बोटं हलवा. मूठ वळा. मान? हं. समोरचा ब्रेक दाबलात ना?”

तपासणीतून आरोपपत्रात ते असे एका दमात शिरतात. उत्तर काहीही आलं तरी निकाल ठरलेला असतो. एकदा नळस्टॉपपाशी एका पोराने धीर करून सांगितलं, “काका, मी मागचाच दाबला होता. कॉम्बी ब्रेक आहे, मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो.” खोटं नव्हतं ते. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना २०१९मध्ये तसा ब्रेक सक्तीचाच झाला, त्यावरच्यांना एबीएस. काकांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे समोरचा लागलाच की! मी काय वेगळं म्हणतोय?”

खरी रंगत येते ती दुसरे काका आल्यावर. हे डिझेलवादी. त्यांच्या मते कुठल्या तरी ट्रकने डिझेल सांडलंय, चालकाचा काही दोष नाही. आपले काका मग खाली वाकतात, ओल्या रस्त्यावर तर्जनी फिरवतात, अंगठ्यावर चोळतात, नाकाशी नेतात आणि डोळे मिटतात. “ऑइल. डिझेल नव्हे.” दुसरे काकाही बोट बुडवतात. दोघे एकमेकांची बोटं हुंगतात. ज्याच्यासाठी हे चाललंय तो तोवर क्रेटवर बसून एकट्यानेच कोपरावर फुंकर घालत असतो.

काकांचं सगळं दुचाकीशास्त्र जुन्या चेतक स्कूटरवर घडलेलं आहे. चेतक सुरू होईना की ती आडवी करायची, पुन्हा उभी करायची, मग किक. पुण्यात एका अख्ख्या पिढीने ऑफिसला निघण्यापूर्वी हा व्यायाम केलेला आहे. त्यामुळे एकदा एका पोराची पडलेली गाडी सुरू होईना तसे काका म्हणाले, “जरा आडवी करून बघा.”

“आत्ता तेच केलं ना, काका.”

मग ते चोक शोधू लागले, पेट्रोलचा कॉक शोधू लागले. बीएस-सिक्सच्या नव्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. पोराने किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, बटण दाबलं, गाडी सुरू झाली. आडवं पडल्यावर इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो म्हणे. “माहितीये मला,” काका म्हणाले.

पण हँडल वाकडं झालेलं असलं, की त्याच काकांना पाहावं. छत्री भाजीवालीकडे देतात. गाडीसमोर उभे राहून पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट आवळतात, हँडलची दोन्ही टोकं धरतात, एक डोळा मिटून चाकाच्या रेषेत बघतात आणि एकच हिसडा देतात. कट्‌ असा आवाज येतो. चार पावलं मागे जाऊन पाहतात, परत येऊन अजून सुतभर पिळतात. आत वळलेलं ब्रेकचं पेडल सँडलच्या टाचेने बाहेर काढतात. पँटला चिखलाचा पट्टा लागतो, तिकडे लक्ष नसतं. या पाच मिनिटांत ते एक अक्षर बोलत नाहीत, आणि मला विचाराल तर त्यांचं खरं वक्तृत्व हेच.

मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं. साक्ष द्यायची की नाही, नाव सांगायचं की नाही, हे मदत करणाऱ्याच्या मर्जीवर. काकांची कुचंबणा नेमकी उलटी आहे. त्यांना साक्ष द्यायचीय, नाव सांगायचंय, रस्त्यावर खडूने नकाशाही काढून द्यायचाय. पण कोपर खरचटल्याबद्दल जबाब घ्यायला कोण येणार?

मग ते शेजारच्या बांधकामावरची दोन घमेली वाळू त्या जागेवर पसरून घेतात. टिटॅनसचं इंजेक्शन आजच, रात्री हळद-दूध, मुका मार दुसऱ्या दिवशी बोलतो, हेल्मेट वाचलं पण आता ते बदला, अशी यादी वाचतात. पोरगा हेल्मेट चढवून निघणार, तेवढ्यात आवाज खाली आणून विचारतात,

“घरी काय सांगणार?”

“घसरलो म्हणून.”

“वेडे आहात का? किल्ली काढून घेतील. कुत्रं आडवं आलं म्हणा.” मग थोडा विचार करून, “रंग विचारला तर पांढरं सांगा. काळं सांगाल तर म्हणतील दिसलं नाही का, आणि पुन्हा तुमच्या चष्म्यावर येईल.”