एकशे त्र्याऐंशी दिवसांचे आपलेपण

परक्या मुलुखात नव्याने आलेल्या कुटुंबाला आपले मानायला शेजाऱ्यांना काही वर्षे लागतात, नागरिकत्वाच्या खात्याला काही दशके लागतात आणि समाजाला कित्येकदा दोन पिढ्याही पुरत नाहीत. करखाते मात्र हे काम १८३ दिवसांत उरकते आणि त्यासाठी मुलाखत, शिफारसपत्र किंवा भाषेची परीक्षा यांपैकी काहीही मागत नाही. या त्वरित आपलेपणाला कायद्यात ‘करनिवास’ म्हणतात. एखाद्या देशाने एखाद्या माणसाच्या जगभरातील उत्पन्नाचा हिशेब मागण्याचा हक्क स्वतःकडे घेतला की तो माणूस त्या देशाचा करनिवासी झाला, मग त्याच्या पासपोर्टवर कोणत्या देशाची मुद्रा आहे आणि त्याचा व्हिसा कधी संपतो हे प्रश्न गौण ठरतात. आधुनिक राज्यसंस्थेच्या साऱ्या खात्यांत परक्याला मनापासून जवळ करणारे खाते हेच एक आहे, असा सिद्धान्त येथे मांडावयाचा आहे.

या सिद्धान्ताची तपासणी झाशीच्या प्रेम नगरातून करणे शास्त्रशुद्ध ठरते, कारण मराठी माणसाला कराचे दोन्ही काठ इतक्या जवळून दाखवणारी गावे थोडी आहेत. १७२९ मध्ये छत्रसालाच्या मदतीला धावून गेलेल्या पहिल्या बाजीरावाच्या पदरात बुंदेलखंडाचा तिसरा हिस्सा पडला, १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले, पुढे नेवाळकर घराणे आले, आणि त्यांच्यामागे कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली. ही मंडळी तिकडे गेली ती महसूल भरायला नव्हे, वसूल करायला. चौथाई, म्हणजे ज्या मुलुखात आपण राहतही नाही त्याच्या महसुलाचा चौथा हिस्सा मागणाऱ्या राज्यकर्त्यांना करनिवासाची अट सुचली नाही यात नवल नाही. स्वातंत्र्यानंतर रेल्वेच्या नोकऱ्यांनी ही ये-जा चालू ठेवली. २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वेकडे जाईपर्यंत झाशी विभागाचे क्षेत्रीय मुख्यालय मुंबईच होते, त्यामुळे प्रेम नगरासारख्या रेल्वे नोकरदारांच्या वस्तीला बदलीचा हुकूम मुंबईहून येण्याची सवय होती.

वसूल करणाऱ्यांचे भरणाऱ्यांत रूपांतर होण्याची प्रक्रियाही झाशीतच पाहायला मिळते. १८५४ मध्ये दत्तकविधान नामंजूर करून ईस्ट इंडिया कंपनीने संस्थान खालसा केले, तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेऊन दाद मागितली; सल्लागार परदेशी होता, युक्तिवाद कायदेशीर होता आणि दाद नामंजूर झाली. पुढे १८५७ चा उठाव मोडून काढण्यात सरकारी तिजोरी रिकामी झाली, ती भरण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थसदस्याने १८६० मध्ये भारतात पहिला प्राप्तिकर आणला, आणि वर्षाला २०० रुपयांहून कमी मिळकत असलेल्यांना तेवढे त्यातून वगळले. झाशी, कानपूर आणि लखनौ येथे जे पेटले त्याचा खर्च असा देशभरच्या मिळकतदारांवर वाटला गेला. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला. त्याचा कर मधूनमधून थांबत आणि नव्या रूपात परतत १८८६ पासून कायमचा मुक्कामाला आला.

आता त्याच प्रेम नगरातील एका काल्पनिक, परंतु नमुनेदार मराठी कुटुंबाचा विचार करावा. वडील रेल्वेतून निवृत्त, मुलगा संगणक अभियंता, सूनही अभियंता, एक नातवंड, आणि मुलाला अमेरिकेतील कंपनीने दिलेला एच-वन-बी व्हिसा. हा व्हिसा तात्पुरत्या कामगाराचा असल्याचे अमेरिकेचे व्हिसाखाते पदोपदी बजावते. तेथील करखाते मात्र त्याला लगेच ‘वास्तव्य कसोटी’ लावते: चालू वर्षातले सर्व दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्यामागच्या वर्षातल्या दिवसांचा सहावा हिस्सा यांची बेरीज १८३ भरली, आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस मुक्काम झाला, की पाहुणा घरचा झाला. दिवसाचा एखादा तुकडा जरी अमेरिकेत गेला तरी तो पूर्ण दिवस धरला जात असल्यामुळे, यापूर्वी तेथे कधीही न गेलेले कुटुंब २ जुलैच्या रात्री साडेअकराला उतरले तर त्याचे त्या वर्षी बरोबर १८३ दिवस भरतात. विमानाला तासभर उशीर होऊन तेच कुटुंब ३ जुलै लागल्यावर उतरले तर १८२ भरतात आणि त्या वर्षापुरते ते अनिवासी राहते. पहिल्याने निवासींचा फॉर्म १०४० भरावा, दुसऱ्याने अनिवासींचा १०४०-एनआर, आणि पहिल्यानेही वर्षाचे पूर्वार्ध अनिवासी व उत्तरार्ध निवासी असे दोन तुकडे करून दाखवावेत. माणसाचे भाग्य जन्मवेळेवर ठरते असे मानणाऱ्या ज्योतिष्याला येथे समविचारी खाते भेटते. फरक इतकाच की विमानाची वेळ पुराव्यानिशी सिद्ध करता येते.

मातृभूमीही लेकराला सहजासहजी सोडत नाही. भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि अमेरिकेचे करवर्ष १ जानेवारीला, त्यामुळे एकाच माणसाच्या एकाच मुक्कामाची मोजदाद दोन पंचांगांनुसार होते. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला असेल तर तो वर्षभरासाठी भारताचाच निवासी राहतो. म्हणून जुलैत निघालेला मुलगा दिल्लीच्या लेखी अनिवासी ठरतो, पण घरच्यांच्या आग्रहाखातर दिवाळी आणि संक्रांत करून जानेवारीच्या अखेरीस निघालेला मुलगा मार्चअखेरपर्यंत पुरता भारतीय निवासी असतो आणि त्याचा अमेरिकेतला फेब्रुवारी-मार्चचा पगार दोन्ही देशांना आपला वाटतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्यात आला, भाषा सोपी करण्यात आली, ‘करवर्ष’ ही संकल्पना आली. दिवस मोजण्याची आवड मात्र जुन्या कायद्याकडून नव्याला वारसाहक्काने मिळाली.

दोन देशांनी एकाच माणसावर हक्क सांगितला तर काय करावे याचे उत्तर १९८९ मध्ये झालेल्या भारत-अमेरिका दुहेरी करप्रतिबंधक करारात आहे. एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये, एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या देशात मिळावी, यासाठी असे करार केले जातात. वाद पेटला तर माणसाचे कायमचे घर कोठे आहे हे प्रथम पाहावे. घर दोन्हीकडे असेल तर त्याच्या महत्त्वाच्या हितसंबंधांचे केंद्र कोठे आहे ते शोधावे. तेही ठरत नसेल तर तो नेहमी कोठे राहतो ते, आणि सरतेशेवटी त्याचे नागरिकत्व. स्थलांतरित मराठी माणूस नेमका कोठला, या प्रश्नावर उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत अनेक वर्षे परिसंवाद होऊ शकतील; कराराने तो चार पायऱ्यांत निकाली काढला आणि नागरिकत्वाला त्यात शेवटचे स्थान दिले, हे या लेखातील सिद्धान्ताला पूरकच आहे.

सिद्धान्ताचा सर्वात भक्कम पुरावा सुनेच्या बाबतीत मिळतो. समजा, मुलगा पुढे गेला आणि सून प्रेम नगरातच राहून व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळण्याची वाट पाहत आहे. तिच्या येण्याने अमेरिकेचे काही नुकसान तर होणार नाही ना, याची खात्री व्हिसाखात्याला करून घ्यायची आहे. करखात्याला असली शंका शिवत नाही. वर्षाअखेरीस निवासी ठरलेला पती आणि त्याची अनिवासी पत्नी या दोघांनी संमतीची सही केली, तर अमेरिकेच्या भूमीवर पाऊल न ठेवलेली ही सून त्या वर्षापासून अमेरिकेची करनिवासी मानली जाऊ शकते, आणि मग संयुक्त विवरणपत्राच्या सवलतीबरोबर तिने झाशीत मिळवलेल्या पगाराचा हिशेबही वॉशिंग्टनला पोहोचतो. पुढे ती एच-फोर व्हिसावर तेथे गेली तर, नियमांच्या काही अपवादांत बसत नसेल तोवर, तिला नोकरी करता येत नाही आणि त्यामुळे सामाजिक सुरक्षा क्रमांकही मिळत नाही. परंतु खात्याने तिला ताटकळत ठेवलेले नाही. तिच्यासाठी केवळ करापुरता वेगळा क्रमांक आहे, आणि विवरणपत्रावर सही केली की त्यातील कराची जबाबदारी पतीइतकीच तिचीही आहे. कमावण्याची मुभा नाही पण उत्तर देण्याचा अधिकार आहे, अशी समानता अन्य खात्यांना अद्याप साधलेली नाही.

यानंतर सासऱ्यांची पाळी येते, आणि येथे विषय विशेष समृद्ध होतो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थाने भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत ठेवताना ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने मुलाचे नाव खात्यावर घातलेले असते, कारण आपल्यामागे त्याला खेटे घालावे लागू नयेत. १९७० मध्ये अमेरिकेने गुप्त परदेशी खात्यांतून चालणाऱ्या गैरव्यवहारांना आळा घालण्यासाठी बँक गोपनीयता कायदा केला. त्यानुसार, ज्या अमेरिकी निवासीचा परदेशी खात्यांशी मालकीचा किंवा सहीचा संबंध आहे आणि त्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली आहे, त्याने ‘एफबार’ नावाचे माहितीपत्रक भरायचे असते. त्यात कर शून्य असतो, फक्त माहिती द्यायची असते, आणि १०,००० ची ही मर्यादा महागाई बघून वाढवण्याचा मोह आजवर टाळण्यात आला आहे. रुपयांत ती नऊ लाखांच्या आसपास जाते, आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याची आयुष्यभराची पुंजी ती सहज ओलांडते. स्विस तिजोऱ्यांसाठी विणलेल्या जाळ्यात अशा रीतीने प्रेम नगरचे पासबुक सापडते, आणि ज्या पैशाला मुलाने कधी हातही लावला नाही तो पूर्णच्या पूर्ण त्याच्या माहितीपत्रकात येतो. २०१५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात परदेशी खात्यांविषयीच्या ‘फॅटका’ या अमेरिकी कायद्याखालील माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाल्यापासून झाशीची बँकही ग्राहकाला तो अन्य कोणत्या देशाचा करनिवासी आहे काय, असे विचारते.

हे पत्रक न भरल्याचा दंड किती असावा, याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये द्यावा लागला. रोमानियातून आलेले अलेक्झांड्रू बिटनर यांनी पाच वर्षांची पत्रके वेळेवर भरली नव्हती. त्यांत हेतुपुरस्सर लपवाछपवी नव्हती हे सरकारही धरून चालले होते, तरी पाच वर्षांच्या मिळून २७२ नोंदी मोजून प्रत्येकी १०,००० डॉलरप्रमाणे २७.२ लाख डॉलर मागण्यात आले. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की दंड खात्यागणिक नव्हे, पत्रकागणिक मोजावा, आणि रक्कम ५०,००० डॉलरवर आली. तात्पर्य, ज्याची एकाच बँकेत एकच ठेव आहे त्याला या निकालाचा काडीचाही उपयोग नाही.

भारतीय बचतीच्या सवयींचीही येथे कसोटी लागते. पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते पवित्र मानले गेले. अमेरिकेत ते सर्वसाधारणपणे करपात्र उत्पन्न ठरते. भारतीय म्युच्युअल फंड तर तेथे ‘निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी’ या वर्गात मोडतो आणि प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१ भरावा लागू शकतो. दरमहा दोन हजार रुपयांची एसआयपी पाच फंडांत विभागून जोखीम कमी करण्याचा सल्ला ज्याने दिला असेल, त्याने पाच फॉर्मांची जोखीम सांगितलेली नसते. शहाण्या कुटुंबाने निघण्यापूर्वीच फंडांचा निकाल लावावा, मुलाचे नाव वडिलांच्या खात्यातून काढून त्याला नॉमिनी म्हणून नोंदवावे, त्याचे साधे बचत खाते अनिवासींच्या एनआरओ खात्यात बदलून घ्यावे आणि विमानाची तिकिटे, पासपोर्टवरील शिक्के व येण्याजाण्याच्या तारखा लग्नपत्रिकांपेक्षा अधिक जपून ठेवाव्यात.

इतके झाल्यावर आपलेपणाचा जमाखर्च मांडणे उचित ठरते. पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्य योजनेसाठी १.४५ टक्के पहिल्या महिन्यापासून कापले जातात. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी साधारण दहा वर्षांचे योगदान लागते, एच-वन-बीची कमाल मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षांची असते, आणि दोन्ही देशांतील योगदानाची वर्षे एकत्र धरणारा करार भारत व अमेरिका यांच्यात नाही. त्यामुळे सहा वर्षांनी परतलेल्या माणसाने तेथील वृद्धांची सेवा निष्काम भावनेने केली असे समजावे. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मागावा तर नोकरीवर आधारित परवान्यांत एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांत मोजली जाते. त्या रांगेत वाढलेले नातवंड २१ वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते, जरी त्याचे नाव तोवरच्या प्रत्येक विवरणपत्रात आश्रित म्हणून नियमाने लिहिलेले असले तरी. नव्या सुनेच्या हाती पहिल्याच दिवशी घरखर्चाची वही द्यावी, पण उंबऱ्याच्या आत घेण्याचा मुहूर्त वीस वर्षांनी काढावा, असा हा रिवाज आहे.

यावर सोपा उपाय असा की नागरिकत्व आणि व्हिसा यांचे सर्व काम करखात्याकडे सोपवावे. या खात्याला कुटुंबाची मिळकत, लग्न, मुले, आईवडिलांची पुंजी आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस आधीच ठाऊक आहे, शिवाय निकाल १८३ दिवसांत देण्याची त्याला सवय आहे. सूचनेवर आक्षेप एकच संभवतो, आणि तो बिनतोड आहे: माणसे घरात घेण्याचे काम अंगावर पडले तर हे खातेही माणसांकडे संशयाने पाहू लागेल, प्रत्येकाची नीट चौकशी होईपर्यंत त्याला आपले म्हणणार नाही, आणि जोवर आपले म्हणणार नाही तोवर त्याच्याकडून जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागणे त्यालाच अवघड वाटेल. असा संकोच कोणत्याही तिजोरीला परवडणारा नाही, म्हणून ही सूचना दोन्ही देशांत एकमताने फेटाळली जाईल. नव्या कुटुंबाने तिच्या भरवशावर न राहता अमेरिकेतील विवरणपत्राची १५ एप्रिल ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी.