कट-ऑफसाहेब, पोरीला माफ करा

प्रति,
मा. कट-ऑफसाहेब,
अभियांत्रिकी प्रवेश, महाराष्ट्र राज्य.

विषय : पसंतीक्रमाच्या पहिल्या ओळीत स्वतःची पसंती लिहिल्याबद्दल दिलगिरी.

साहेब,

आमच्या घरातून आपला अपमान झाला आहे. हात जोडून सांगते, आमच्या घराण्याला ही सवय नाही. माझ्या थोरल्या भावाची मुलगी, अठराला दोन महिने कमी, हिने कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, ऑप्शन फॉर्मवर एक नंबरला सिव्हिल टाकलं. चुकून क्लिक झालं म्हणावं तर तसंही नाही. टाकलं, सेव्ह केलं, कन्फर्म केलं आणि मग जेवायला बसली. पहिल्याच फेरीत तिला ते मिळालं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा गोठते, पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम आहे. आता बेटरमेंट नाही, माघार नाही. दादाला हे कळलं तेव्हा तो पोहे खात होता. पोहे तसेच राहिले.

आपली माहिती असावी म्हणून सांगते, पोरीला सीईटीला 98च्या वर आहेत. पुढे दशांश चिन्ह, आणि त्यापुढे सात आकडे. आमच्या आईने ते 98 टक्के समजून सांगलीच्या गणपतीला पेढे ठेवले. प्रत्यक्षात 200 पैकी 131. पर्सेंटाइल सांगतं ते इतकंच, की मागे किती जण राहिले. आम्हाला तेवढं पुरतं. कुठे जायचंय हे माहीत नसलं तरी मागे गर्दी दिसली की माणसाला बरं वाटतं.

निकाल लागल्यावर गल्लीतली माणसं भेटायला आली. चपला काढतानाच आवाज हळू झालेले. "98 असून सिव्हिल? वाया घालवले की हो!" हा शब्द मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकला की मलाही पटू लागला. खरंच आहे. मॉलमधलं कूपन दोन हजारांचं असेल आणि बिल अठराशेचं झालं, तर उरलेल्या दोनशेंत माणूस प्लास्टिकचा टब उचलतोच. घरी दोन टब असले तरी उचलतो. कूपन पुरतं फिटलं पाहिजे. आपल्या दरबारात पोरांनी नेमकं हेच करायचं असतं : पर्सेंटाइलला परवडणारी सगळ्यांत महाग ब्रँच उचलायची. आमच्या पोरीने बिचारीने हवी ती वस्तू घेतली आणि कूपन टेबलावर ठेवून निघाली.

दादाने काही कमी केलं नव्हतं. रीतसर एका समुपदेशकाकडे नेलं होतं, फी भरली होती. त्या गृहस्थांनी एक्सेलची सुंदर यादी दिली. लाल म्हणजे स्वप्न, पिवळं म्हणजे शक्यता, हिरवं म्हणजे खात्री. वरपासून खालपर्यंत सगळी मांडणी आपल्याच उतरत्या क्रमाने. आधी एका कॉलेजचं कॉम्प्युटर, मग त्याच कॉलेजचं आयटी, मग एआय-डीएस, मग एआय-एमएल, मग सायबर. एका भाकरीचे पाच तुकडे करून पाच ताटांत वाढावेत तसं. मग दुसरं कॉलेज, पुन्हा पाच तुकडे. तीनशे पर्याय भरता येतात म्हणे. दादाने एकशे बारा भरले आणि रात्री सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. पोरगी ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "बाबा, यातलं एकही मी सांगितलेलं नाही." वहिनी म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं?" आता हा प्रश्न रास्त आहे. पण मग मला वाटलं, दादाला काय कळतंय? तो कापड दुकानात असतो.

लहान तोंडी मोठा घास घेते, पण आपण नेमके कोण, हे मी एकदा शांतपणे शोधलं. गेल्या वर्षी एखाद्या ब्रँचच्या जागांपैकी शेवटची जागा ज्या पोराला मिळाली, त्याचा मेरिट नंबर आणि कंसात त्याचं पर्सेंटाइल. बस, झाले आपण. आणि तो पोरगा तिथे का गेला? कारण त्याने त्याच्या आदल्या वर्षीचे आपण पाहिले होते. त्याच्याही घरी त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे अनोळखी पोरांची एक रांग आहे, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि सगळ्यांत पुढे कोण आहे ते कुणालाच दिसत नाही. विषय किती कठीण, काम किती मोलाचं, पोराला ते जमेल का, यातलं काहीही आपल्या आकड्यात नसतं. असते ती फक्त मागणी. टोमॅटोची असते तशी.

गंमत अशी, की जे यंत्र जागा वाटतं ते आपल्यापेक्षा सरळमार्गी आहे. ते मेरिटप्रमाणे एकेकाला हाक मारतं आणि त्याची यादी वरून वाचत जातं : हे शिल्लक आहे का? नाही. हे? आहे, घे. वर मोठं स्वप्न लिहिलं म्हणून खालचं काही हातचं जात नाही. पोरांनी मनातला क्रम लिहावा, एवढंच त्याचं म्हणणं. आणि पहिला पर्याय गोठवण्याचा हा नियम म्हणजे तर उघड प्रश्नच झाला, की बाबा रे, तुला खरंच काय हवंय? असा प्रश्न येईल याची कल्पना नसल्यामुळे आमच्या घरी तीन दिवस रडारड चालली होती.

मीही एके काळी आपलीच प्रजा होते. 1996 साली सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर जागा मिळायची. तेव्हा सिंहासनावर ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन, होती. (मुंबईकर तिलाच एक्सटीसी म्हणतात. ब्रँच तीच, तोरा वेगळा.) मला तीन मार्क कमी पडले म्हणून मी इन्स्ट्रुमेंटेशन झाले. इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे काय, असं सासरी कुणी विचारलं की मी गीझरच्या थर्मोस्टॅटकडे बोट दाखवत असे. आता मी एका बँकेत गृहकर्जाच्या फायली पाहते. माझ्या मागून दोन-तीन वर्षांत वायटूकेची लाट आली, कॉम्प्युटर गादीवर बसलं. 2000मध्ये अमेरिकेत डॉट-कॉमचा फुगा फुटला, तर तेच कॉम्प्युटरवाले एमबीएच्या क्लासला दिसू लागले. मधली काही वर्षं मेकॅनिकलची पोरं ताठ मानेने फिरायची. आता एआय. ज्या बॅचने आपल्याकडे पाहून ब्रँच घेतली, ती बाहेर पडेपर्यंत चार वर्षं जातात, आणि तोवर आपण दुसऱ्याच गल्लीत मुक्कामाला गेलेले असता. पत्ता तेवढा मागे ठेवून जात नाही.

आता गुन्ह्याचं कारण. दादाचं घर सांगलीत गावभागात. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले. धोक्याची पातळी तिथे 45 आहे. ही सगळी मंडळी माझ्याकडे मिरजेला होती. पोरगी तेव्हा शाळेत. पाणी उतरल्यावर घरी गेलो, तर भिंतीवर चिखलाची सरळ रेघ, पट्टीने मारल्यासारखी. वहिनीने दिवाळीच्या आत रंग देऊन ती झाकली. पोरीने त्याआधीच जिन्याच्या खांबावर खिळ्याने खूण करून ठेवली होती. तेव्हापासून तिला पावसाळा आला की वेड लागतं. कोयना 105 टीएमसीची, आज किती भरली, विसर्ग किती क्युसेक, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी 519 मीटरला अडवलं की आपल्याकडे फुगवटा येतो की नाही, यावर ती दादाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांशी भांडते. सांगलीत हे सगळेच करतात म्हणा. कोयनेचा विसर्ग हा आमच्याकडे चहाबरोबर घ्यायचा विषय आहे. पण भांडून झाल्यावर वही काढून आकडे लिहिणारी ही एकटीच.

मी तिला विचारलं, "सिव्हिलच का गं?" तर म्हणाली, "आत्या, पाणी दर वेळी तिथंच कसं येतं ते मला बघायचंय." झालं. एवढंच. पॅकेज नाही, स्कोप नाही.

आपल्या रागाला आणखी तेल नको म्हणून विश्वेश्वरय्यांचं नाव मी घरात काढलं नाही. पुण्यात शिकलेला सिव्हिलवाला. 1908 साली मुसी नदीने हैदराबाद बुडवलं, तेव्हा निजामाने पुराचा बंदोबस्त विचारायला त्यांनाच बोलावलं. वरच्या अंगाला तलाव बांधून पूर अडवण्याची योजना त्यांची. दर 15 सप्टेंबरला अभियंता दिनाच्या शुभेच्छांमध्ये त्यांचा फेट्यातला फोटो येतो, आणि तो पाठवणारी सगळी माणसं हिंजवडीत असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंही असंच. मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे निघाल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि 1910मध्ये आमच्याच जिल्ह्यात लोखंडी नांगरांची वाडी वसवून बसले. त्या काळी आपण नव्हता, म्हणून बचावले. पाठीमागे आपण असता तर दोघांनाही कुणीतरी "वाया गेला" म्हटलं असतं.

दादाची भीती मला कळत नाही असं नाही. कॅम्पसला सिव्हिलकडे कंपन्या कमी येतात. साइटवरचा पहिला पगार ऐकून ड्रायव्हरही हळहळतो. आणि पुलाच्या कामावर मुलीसाठी धड स्वच्छतागृह असेल याची हमी कोण देणार? ही काळजी खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेजारच्या वाड्यातला पोरगा रात्री दोनपर्यंत कोड लिहीत बसतो, तो कॉम्प्युटरला गेला. त्याचं आणि आपलं मत जुळलं, उत्तम झालं. माझं गाऱ्हाणं आहे ते उरलेल्यांचं. वर्गात साठ पोरं बसवायची आणि त्यांतल्या पन्नासांनी धरण, लेथ, सबस्टेशन, सर्व्हर यातलं काहीच आयुष्यात जवळून पाहिलेलं नाही. पाहिलंय ते फक्त आपल्याला. आपल्याला मात्र सगळ्यांनी सात दशांशांपर्यंत पाहिलंय.

आमच्याच सांगलीच्या मुख्यमंत्री वसंतदादांनी 1983मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, कारण इथली पोरं देणग्या भरून कर्नाटकात जात होती. जागा वाढल्या, चांगलं झालं. लोकांना वाटलं, आता निवडता येईल. तेवढ्यात आपण आलात.

तर पोरीच्या वतीने माफी असावी. ती स्वतः मागणार नाही, मी विचारून पाहिलं. दंड काही असेल तर तो आमच्या घरी वसूल होतोच आहे : दादा तिच्याशी फक्त "पाणी दे" एवढंच बोलतो, आणि तीसुद्धा "किती क्युसेक?" असं विचारते.

शेवटी वहिनीची एक विनंती आहे, ती जशीच्या तशी कळवते. गेल्या वर्षी ती जागा 93ला सुटली होती. पोरीकडे 98 होते. म्हणजे वरचे पाच पर्सेंटाइल न वापरता पडून आहेत. ते परत मिळण्याची काही सोय आहे का? धाकटा यंदा आठवीत आहे, त्याच्या नावावर करता आले तर बरं होईल. नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, सगळं तयार आहे. सेतू केंद्रात दोनदा जाऊन आलो.

आपली आज्ञाधारक,
एक आत्या, मिरज.

ता. क. : पत्र लिहून झालं तेव्हा आयर्विनला पाणी 31 फूट. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.