सिस्टर, तुमचं नियोजन चुकतंय

सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकांना वेळेचं नियोजन जमत नाही, हे अखेर प्रशासनाच्या ध्यानात आलं आहे. उपाय म्हणून प्रशिक्षण ठेवलंय, दुपारी २ ते ४. म्हणजे सकाळपाळीने घरी जायचं नाही आणि दुपारपाळीने वॉर्डात. हजेरी सक्तीची, चहा मात्र ऐच्छिक आणि स्वखर्चाने.

‘तातडीचं काम आणि महत्त्वाचं काम वेगळं काढा,’ असं प्रशिक्षक सांगतात. काढू की! सात नंबरची सलाईन संपलीय, बारा नंबरला रक्त चालू आहे, एकवीस नंबरचे आजोबा कठड्यावरून उतरायच्या बेतात आहेत आणि इन्चार्ज सिस्टर धोब्याकडून आलेल्या चादरी मोजताहेत. आजोबा पडले तर चौकशी होईल, पण चादर कमी भरली तर वसुली होईल. त्यामुळे महत्त्वाचं काय, हे त्यांना न शिकवताच कळतं.

आता जरा गणित. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. समजा, साठ खाटांना दोघी आहेत. सहा तासांच्या पाळीत एकेका रुग्णाच्या वाट्याला आली बारा मिनिटं. खाली गाद्यांवर झोपवलेले यात धरलेले नाहीत. त्यांना खाट नाही, तर मिनिटं कुठून असणार? या बारांतून इंडेंट, डेड स्टॉक, ओव्हर देणं-घेणं, साहेबांचा राउंड आणि ‘सिस्टर, पंखा लागत नाही’ वजा करा. उरेल ती शुश्रूषा.

शिवाय, लिहिलं नाही ते केलंच नाही, हा नर्सिंगचा पहिला धडा. म्हणून आधी लिहायचं. पहाटे अख्ख्या वॉर्डाचा ताप ९८.६ भरतो तो असा.

तक्ते फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनीही काढले होते. क्रिमियात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृती काढून सरकारच्या तोंडावर मांडलं. बाई तक्ता भरून वर धाडत आणि वरचे अडचणीत येत. ही गैरसोय आपण आता दूर केली आहे.

प्रशिक्षणानंतर अभिप्रायाचा फॉर्म होता, अर्थात दोन प्रतींत. ‘वेळ वाचवण्यासाठी आपली सूचना’ या रकान्यात एकीने लिहिलं, ‘आणखी अठरा जणी.’ त्यावर शेरा पडला : विषयाशी संबंधित नाही.