शेवटी चालू, आधी बंद

आमच्या पेठेत बारसं, लग्न, वास्तुशांत किंवा तेरावं ठरलं की तीन माणसांना सांगावा जातो : गुरुजींना, आचाऱ्याला आणि साऊंडवाल्या दादांना. तेराव्याला साऊंड कशाला, असं विचारणाऱ्याने आमच्याकडची प्रवचनं ऐकलेली नाहीत. दादांचं खरं नाव मतदारयादीत असेलच, पण मतदान केंद्राबाहेर ते कुणी वापरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दादा येतात ते छोटा हत्तीच्या हौद्यात, ॲम्पच्या रॅकला मिठी मारून. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी असते. खिशात टेस्टर, पेनाच्या जागी एक पेन्सिल सेल, आणि डाव्या मनगटात काळ्या चिकटपट्टीचं रीळ, कड्यासारखं. उतरल्यावर सामान उतरवून घेणं, पाणी मागणं, ‘गणपती कुठला हो यंदा?’ विचारणं यांतलं काहीही न करता ते पहिला प्रश्न टाकतात, “बोर्ड कुठंय?”

मी मंडळाचा खजिनदार, म्हणून दरवर्षी त्यांच्याबरोबर बोर्डापाशी जाण्याचा मान माझा. दादा मल्टिमीटर काढतात, दोन काड्या आत घालतात आणि डॉक्टर नाडी धरून छताकडे बघतात तसे मांडवाच्या झालरीकडे बघतात. 230 च्या आसपास आकडा आला तरी समाधान नाही. मग न्यूट्रलची वायर हाताने हलवून बघायची. स्क्रू अर्धा आटा जरी फिरला, तरी लायटिंगवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस होते.

“सर, फेज गेला तर अंधार हुतोय. न्यूट्रल गेला तर आधी उजेड जास्त हुतोय, आन् मग कायमचा अंधार.”

हे तत्त्वज्ञान नाही, अनुभव आहे. एका वर्षी पलीकडच्या गल्लीत जनरेटरवर न्यूट्रल सुटला. तीन फेजांवर लोड कमीजास्त वाटलेला, त्यामुळे ज्या फेजवर कमी दिवे होते तिथला दाब 230 सोडून चारशेच्या दिशेने निघाला. बल्ब दुधासारखे पांढरे झाले. लोकांना वाटलं, आरतीसाठी खास इफेक्ट दिलाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत ॲम्पमधून धूर आला. तोही काहींना इफेक्टच वाटला. दादा तो प्रसंग सांगताना अजून आवाज खाली आणतात, जणू मयताबद्दल बोलतायत.

अर्थिंगच्या बाबतीत तर ते सोवळ्यातले. बाजारात साऊंडवाल्यांची एक जात अशी आहे, की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ आलं की प्लगची तिसरी, जाड पिन पकडीने मोडून टाकते. घूं बंद. सगळे खूश. पुढे कधी ॲम्पमध्ये फेज डब्याला टेकला, की तो करंट जमिनीत जायची वाट शोधतो, आणि ती पिन नसल्यामुळे माइकला ओठ लावून अभंग म्हणणाऱ्या बुवांमधून जातो. आमच्या एका बुवांना भजनात ओठाला झिणझिण्या आल्या होत्या. त्यांनी ती ब्रह्मानंदाची खूण समजून दुसरा अभंग घेतला. दादांनी पळत जाऊन माइक हिसकावला. बुवा त्यांच्याशी सहा महिने बोलत नव्हते.

“घूं येतंय म्हणून पिन तोडायची?” दादा विचारतात. “मिक्सर आन् ॲम्प एका पंगतीत बसवा की! ह्याला स्टेजवरच्या बोर्डावर आन् त्याला देवळातल्या बोर्डावर जेवायला बसवलं की दोघांची अर्थ वेगळी. मग घूं नाही तर काय ओव्या म्हणतील?” आणि मंडपामागे ओल्या मातीत सळई ठोकून, वर मूठभर मीठ आणि तांब्याभर पाणी घालून ते अर्थ घेतात. बघणाऱ्याला वाटतं भूमिपूजन चाललंय. एकदा एका आजींनी वर हळदकुंकूही वाहिलं. दादांनी ते राहू दिलं.

मांडणी झाली की चालू करण्याचा विधी. इथे दादांचा एकच मंत्र : ॲम्प शेवटी चालू, आधी बंद. आधी मिक्सर, मग क्रॉसओव्हर, आणि सगळ्यांची हजेरी लागल्यावर ॲम्प. तोही आवाजाची बटणं पूर्ण खाली ठेवून. दोन ॲम्प असतील तर एक-एक, कारण चालू होताना प्रत्येकजण एकदम मोठा घोट घेतो आणि दोघांनी मिळून घेतला तर बोर्डावरचा स्विचच पडतो. बंद करताना उलट, पहिला ॲम्प. नाहीतर मिक्सर चालू-बंद होताना जो ‘ठप्प’ होतो, तोच ॲम्प इमानाने शंभरपट करून स्पीकरच्या छातीवर घालतो. हे मला लक्षात राहीना, तेव्हा दादांनी सोपं करून सांगितलं. “प्रमुख पाहुणा बघा. सगळे बसल्यावर येतोय आन् सगळ्यांच्या आधी जातोय. तसाच ॲम्प.” तेव्हापासून मी कुठल्याही समारंभात उशिरा आलेल्या पाहुण्यांकडे आदराने बघतो. तेही असेच तापलेले असतात.

दादांचा भाचा मात्र नव्या पिढीचा. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून विद्या संपादन केली आहे. एका सकाळी दादा सिंगल माइकच्या कामाला गेलेले असताना त्याने ॲम्पचे दोन चॅनेल जोडून ‘ब्रिज मारला’ आणि त्यावर आठ-आठ ओहमचे दोन बेस लावले. पहिलं गाणं दणक्यात झालं. दुसऱ्याच्या मध्यावर ॲम्प प्रोटेक्टला गेला. दोन मिनिटांनी परत आला, परत गेला. रुसलेल्या जावयासारखा दर कडव्याला उठून जात होता.

दादा परतले. ॲम्पवर त्यांनी हाताची पालथी बाजू टेकवली. ते नेहमी पालथी बाजूच टेकवतात. मला आधी वाटायचं, लेकराचा ताप बघतात तशी माया असेल. माया असेलच, पण कारण वेगळं आहे : डब्यात करंट असला तर तळहाताची मूठ आवळून हात तिथेच चिकटतो, पालथा हात झटक्याने मागे येतो.

“किती ओहम लावलंस?”

“आठ आणि आठ.”

“म्हणजे सोळा?”

भाचा गप्प. दादांनी समोरच्या नळाकडे बोट केलं. “ओहम म्हंजे तोटी किती आवळली ती. ओहम कमी, तोटी जास्त उघडी, धार मोठी, टाकीला घाम. एक तोटी आठ. शेजारी दुसरी आठ उघडलीस. धार दुप्पट झाली का नाही? मग ओहम झाले चार. आता ब्रिजवर एका चॅनेलला त्यातलं निम्मंच दिसतंय. किती?”

“दोन.”

“आन् मागं छापलंय काय?”

भाच्याने वाकून वाचलं. ब्रिजला कमीत कमी आठ, असं लिहिलेलं होतं. ॲम्पच्या पाठीवर छापलेलं वाचणारा साऊंडवाला मी दादांखेरीज पाहिलेला नाही. बाकीचे तिथे आपला मोबाइल नंबर चिकटवतात. “दोन बैल एका जुवाला लावले म्हणून रस्ता हलका हुत नाही, बाळा,” असं म्हणून त्यांनी ब्रिज काढला. भाचा स्पीकरची उघडी वायर हातात धरून उभा होता. दादा ओरडले. स्पीकरच्या वायरीत कसला आलाय करंट, अशी माझीही समजूत होती. पण हजार वॉट आठ ओहमच्या स्पीकरला देताना त्या वायरीत जवळजवळ नव्वद व्होल्ट खेळत असतात. मी नकळत एक पाऊल मागे सरकलो.

दादांचा खरा शत्रू करंट नाही. तो आहे मंडळाचा अध्यक्ष. अध्यक्षांना ॲम्पवर लाल दिवा लागलेला आवडतो. त्यांना एकूणच लाल दिव्याची ओढ आहे. दादांचं म्हणणं, लाल दिवा लागला की माणूस आणि ॲम्प दोन्ही कामातनं गेले. ॲम्पची ताकद संपते तिथे आवाजाचा माथा सपाट कापला जातो, आणि मग छोट्या टॉपच्या नाजूक कॉइलला सोसवत नाही. स्पीकर हजारचा आणि ॲम्प पाचशेचा, म्हणजे स्पीकर सुरक्षित, असं समजून पाचशेला पिळणारे महिन्याला दोन डायफ्राम बदलतात. सरकारने 2017 साली मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे काढले. दादांच्या ॲम्पवरचा त्याच्या कितीतरी आधीपासून विझलेला आहे.

“जरा वाढवा की हो!” अध्यक्ष दर पंधरा मिनिटांनी येऊन सांगतात. त्यासाठी दादांच्या मिक्सरवर एक खास बटण आहे. त्याला काहीही जोडलेलं नाही. अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत दादा ते दोन घरं वर सरकवतात. अध्यक्ष डोळे मिटून ऐकतात. “हां! आता कसं भरीव वाटतंय.” मी खजिनदार असल्यामुळे हे गुपित मला ठाऊक आहे, आणि गेल्या सभेत अध्यक्षांनी दुप्पट वॉटचा ॲम्प भाड्याने घ्यायचा ठराव मांडला तेव्हा मी दादांनाच उभं केलं. दादा म्हणाले, वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर वॉट दहापट लागतील, म्हणजे भाडंही. ठराव सूचकानेच मागे घेतला.

आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात, आणि दादांना ‘डॉल्बीवाला’ म्हटलेलं खपत नाही. मी एकदा त्यांना सांगितलं, की डॉल्बी हा रे डॉल्बी नावाचा खरा माणूस होता, 1963 ते 65 या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात राहिला होता, आणि परत जाऊन 1965 साली लंडनला त्याने जी कंपनी काढली तिचं पहिलं यंत्र रेकॉर्डिंगमधला खरखराट कमी करण्याचं होतं. गोंगाट कमी करणं हेच त्या माणसाचं काम. दादा बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, “बिचारा. मिरवणुकीच्या टायमाला नव्हता न्हवं हितं?”

नियम 2000 सालचा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. पण सूट नसलेल्या रात्री दादा नऊ अठ्ठावन्नला ॲम्पवर हात ठेवून बसतात. एका पुढाऱ्यांचं भाषण ‘आणि म्हणून मी आपल्याला शब्द देतो की’ इथे तुटलं होतं. पुढे ते पाच मिनिटं नुसते हात हलवत राहिले. शब्द काय दिला हे कुणालाच कळलं नाही, त्यामुळे नंतर तो मोडल्याची तक्रारही आली नाही.

विसर्जनानंतरचे दोन दिवस दादा घरी ॲम्प उघडून बसतात. पंख्याच्या जाळीत गुलाल असा घट्ट बसलेला असतो, की जाळी आपटली तर गुलाबी वडी पडावी. तो ब्लोअरने उडवायचा, जाळी धुवून वाळत घालायची. खंडेनवमीला पूजा करतात तीही वायरी काढून, आणि झेंडू वरच्या बाजूला, पंख्यापासून दूर. एका वर्षी भाच्याने हार समोरून घातला, तर पुढच्या लग्नात ॲम्पने मागून वरातीवर पाकळ्या उधळल्या. वधूपक्षाने त्याचे वेगळे पैसे विचारले.

यंदा वैशाखात दादांच्या मुलीचं लग्न झालं. पेठेचा अंदाज, की निदान दोन टेम्पो साऊंड लागेल. गेलो तर सनई-चौघडा, तोही माइकशिवाय. गुरुजी अडून बसले म्हणून मंगलाष्टकांपुरता एक माइक आणि एक छोटा ॲम्प. वरबाप बोलावतोय, मामा अंतरपाट धरून उभे, आणि वधूपिता स्टेजमागे न्यूट्रल हलवून बघतायत. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगती उठल्या.

पाठवणीच्या वेळी दादा कुठेच दिसेनात. मुलगी गाडीपाशी थांबलेली, वहिनी माझ्याकडे बघतायत. मी स्टेजमागे गेलो. ते रॅकजवळ पाठमोरे बसले होते, ॲम्पवर पालथा हात ठेवून.

“दादा, चला. गाडी थांबलीय.”

“हो, येतो. तापलाय जरा. गार होऊ दे, बंद करतो आन् आलोच.”

मी वाकून ॲम्पला हात लावला. पालथा. ॲम्प गार होता.