बावीस क्विंटलचा पासवर्ड

गेल्या हंगामात मी वायफायचा पासवर्ड बदलण्यासाठी बावीस क्विंटल कापूस विकला. हे वाक्य आमच्या मारेगावात कुणाला सांगितलं, तर समोरचा आधी माझ्या तोंडाचा वास घेईल. म्हणून इथे लिहून मोकळा होतो.

बत्तीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झालो. हाताशी पाच एकर पऱ्हाटी आणि घराला रस्त्याच्या अंगाने ऐसपैस ओटा. पावसाळ्यात फायबरचं कनेक्शन घेतलं. वायर ओढायला आलेल्या पोराने बैठकीच्या खिडकीपाशी भोक पाडलं, आतल्या कोनाड्यात राउटर बसवला आणि विचारलं, “सर, नाव काय टाकू?” मी म्हटलं, गुरुजी सदन. “पासवर्ड?” मी म्हटलं, सोपा ठेव. तो म्हणाला, किमान आठ अक्षरं लागतात. म्हणून एक ते आठ. सहा चालली असती तर मी सहावरच थांबलो असतो.

जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. राउटरच्या आतला पासवर्ड वेगळा असतो, तो कंपनीकडून ‘ॲडमिन-ॲडमिन’ असाच येतो, तेवढा बदलून घ्या. मी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीवर जाणत्यासारखी मान डोलावणं मी साहेबांच्या शाळातपासणीत शिकलो, आणि निवृत्तीनंतरही ते विसरलेलो नाही. पुढे कळलं ते असं : पहिला पासवर्ड म्हणजे फाटकाची कडी, दुसरा म्हणजे शेताचा सातबारा. मी कडी लावली आणि सातबारा ओट्यावर उघडा टाकून आत झोपायला गेलो.

आठ दिवसांत ओट्यावर पोरं बसू लागली. आधी दोन, मग पाच, पोळ्यानंतर नऊ-दहा. सहा वाजले की हजर, माना खाली, एकदम शांत. बत्तीस वर्षांत असा वर्ग मला मिळाला नव्हता! मी खुर्ची बाहेर टाकली आणि सुरू झालो. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा कसा तयार झाला, वणीच्या खाणीतला दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जंगल, वगैरे. एकही पोरगं उठून गेलं नाही. मधूनच कुणीतरी “मारला बे!” असं ओरडायचं. विषयाशी जमत नव्हतं, तरी मी तो उत्साह समजलो.

एका संध्याकाळी पेपरात ‘पीएम-वाणी’ हे नाव वाचलं आणि पोरांना छातीठोकपणे सांगितलं, “पाहा, वायफायसाठी खुद्द पंतप्रधानांनी आपल्या शेजारची वणी निवडली.” दहापैकी एकाने मान वर केली. “सर, ते वाणी हाय, वणी नाही. प्राइम मिनिस्टर वायफाय ॲक्सेस नेटवर्क इंटरफेस. डिसेंबर दोन हजार वीसला कॅबिनेटनं पास केलं. टपरीवालाही वायफाय विकू शकते, लायसन नाही लागत.” एवढं बोलून त्याने पुन्हा मान खाली घातली. मी त्याला शाबासकी दिली. माझ्या सहवासाने पोरं वाचायला लागली, असं त्या रात्री बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्या सहवासाले रोज अर्धा लिटर दूध लागून रायलं.” दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरचा चहा बंद झाला. पोरांची संख्या तेवढीच राहिली, यात मला माझा आणखी एक विजय दिसला.

दिवाळीत कापूस घरात आला. आमच्याकडे कापूस आला की माणसांनी मागे सरकायचं, ही रीतच आहे. बैठक छतापर्यंत भरली. राउटर कोनाड्यासकट गंजीमागे गेला. लुकलुकणारे दिवे दिसेनासे झाले, पण रेंज येत होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. खिडकी ओट्याकडे असल्याने बाहेर रेंज भरपूर, आणि मागच्या खोलीत मात्र दोन भिंती आणि बावीस क्विंटल ओलांडून जेमतेम एक काडी. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर त्या हंगामात ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवायचं होतं. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव होता ८,११० रुपये. मी ते उद्यावर टाकत गेलो. घरात वायफाय असलेल्या माणसाला घाई कशाची? मुदत टळली.

मग एके रात्री टीव्ही अडकला. फोनमध्ये पाहतो तर ‘गुरुजी सदन’ यादीतून गायब, आणि त्या जागी ‘गुरुजी बस्स’.

पुण्याला हिंजवडीत माझा भाचा असल्या कामात आहे. त्याला फोन केला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, “मामा, नेटवर्कच्या नावाला फक्त बत्तीस बाइटची जागा असते, आणि देवनागरीच्या एकेका खुणेला तीन बाइट लागतात. पोरांनी बरोबर बसवलंय.” मी कागद घेतला. ‘गुरुजी’च्या काना-मात्रा धरून सहा खुणा, ‘बस्स’च्या हलन्तासकट चार, म्हणजे तीस, आणि मधली मोकळी जागा एक. एकतीस! ‘बस्स करा’ लिहायला गेले असते तर बसलं नसतं. ‘करा’ जागेअभावी गळाला, उद्धटपणापायी नव्हे, असं मी अजूनही मानतो. फाटकाचा पासवर्डही त्यांनी एक ते आठ असाच ठेवला होता. संस्कार!

भाच्याच्या सांगण्यावरून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, ॲडमिन-ॲडमिन लिहिलं. चुकीचा पासवर्ड. सातबाऱ्याचा फेरफार झाला होता आणि नोटीस मला आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर जाऊन विचारलं, “हे कोणी केलं?” सगळे गप्प. बत्तीस वर्षं मी हाच प्रश्न विचारत आलो, उत्तर एकदाही मिळालेलं नाही. शेवटी एक जण म्हणाला, “सर, ते आपोआप अपडेट होते.”

रात्री भाच्याने मला रीतसर घाबरवलं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा मेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्याचा काही संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात गेले. मग कुलपांचा इतिहास : वायफायचं पहिलं कुलूप, वेप, १९९७ चं. २००१ मध्ये तिघा संशोधकांनी ते उघडायची रीतच छापली. २००३ ला डब्ल्यूपीए, २००४ ला डब्ल्यूपीए-टू. २०१७ ला बेल्जियमच्या एका संशोधकाने त्यातही फट दाखवली, तर २०१८ ला डब्ल्यूपीए-थ्री. जगभरची एवढी डोकी शिणली आणि मी त्या कुलपाला किल्ली बनवली ती बालवाडीच्या पाटीवरची.

“सोपं आहे,” भाचा म्हणाला. “राउटरच्या मागे बारीक भोक असतं. पिन घालून दहा सेकंद दाबून धरायचं, सगळं पहिल्यासारखं होतं. राउटर कुठे आहे?”

“कापसात.”

“कशात, मामा?”

हेल्पलाइनवाला म्हणाला, राउटरपर्यंत वाट करून द्या. बायकोने खिडकीबाहेरची वायर कापायला अडकित्ता आणून दिला. पण मला वायफाय बंद करायचं नव्हतं, माझं करायचं होतं. तेव्हा मी हुशारी केली. बायकोला म्हटलं, “अगं, तो ॲडाप्टर गरम होतो. कापसात आहे. पेटला म्हणजे?” यात खोटं काही नव्हतं, फक्त हे मला सुचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कापूस नव्हता.

“मंग गंजी लावताना काहून नाही सुचलं?” असं म्हणून तिने तडक फ्यूज काढला.

आमच्या जुन्या घराला फ्यूज दोनच. बैठकीसोबत फ्रिज गेला, टीव्ही गेला, मागच्या खोलीतला पंखा गेला. वायफायही गेलं. दोन संध्याकाळी ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे माझा प्रश्न त्याच वेळी फुकटात सुटला होता, आणि मी तिथेच थांबायला हवं होतं. पण दूध नासलं, तिची मालिका बुडाली आणि तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “इकून टाका तो कापूस.”

खेडा खरेदीचा व्यापारी काटा घेऊन दारात आला. कापूस मुठीत दाबला, ओला आहे म्हणाला. तसं म्हणणं हा त्यांचा रामराम असतो. ७,२५० वर ठरत आलं होतं. सहज विचारलं त्याने, “गुरुजी, भाव वाढायचा आहे, इतकी घाई कायची?” मी खरं सांगितलं. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं त्याचा परिणाम. तो दोन मिनिटं माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बाहत्तरशे.”

संध्याकाळपर्यंत कोनाडा मोकळा झाला. राउटरच्या जाळीत रुई भरलेली, वर दोन सरक्या. पिन घातली, दहापर्यंत मोजलं. सगळं पुसलं गेलं : ‘गुरुजी बस्स’ही आणि कंपनीने भरून दिलेलं लॉगिनही. इंटरनेट बंद. तीन दिवसांनी तोच वायरवाला पोरगा आला. “सर, रिसेट कायले केला? ऑफिसातून फोनवर पासवर्ड बदलून दिला असता आम्ही.” मी मान डोलावली.

या वेळी मात्र दोन्ही पासवर्ड बदलले. फाटकाला चांगला तेवीस अक्षरांचा, रोमन लिपीत : ‘गाढवापुढेवाचलीगीता’. पोरांना टोमणाही बसला आणि कुणाला सुचणारही नाही. अडचण एवढीच की मलाच स्पेलिंग आठवेना, म्हणून बैठकीतल्या कालनिर्णयवर, एक जानेवारीच्या चौकोनात लिहून ठेवला. बैठक आता रिकामी होती. कालनिर्णय खिडकीसमोर होतं.

चौथ्या संध्याकाळी खिडकीतून आवाज आला, “सर, गीतेत डबल ई हाय का आय?”

मी सवयीने उत्तर दिलं. शिक्षकाला प्रश्न विचारला की उत्तर जातंच.

जानेवारीत तोच व्यापारी आमच्या शेजाऱ्याकडे आला आणि क्विंटलला चारशे रुपये जास्त देऊन गेला. बावीस गुणिले चारशे म्हणजे आठ हजार आठशे. जीएसटी धरून महिन्याला ४७१ रुपयांचं वायफाय त्या पैशांत अठरा महिने चाललं असतं, ओट्यावरच्या सगळ्या पोरांसकट.